'बीट्स, राइम्स अँड लाइफ' नव्याने ऐकायचा कसा

अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या न्यूयॉर्कच्या हिप-हॉप गटाचा हा चौथा अल्बम ३० जुलै १९९६ रोजी जाइव्ह रेकॉर्ड्सने काढला आणि तो थेट बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे प्लॅटिनम झाला, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. तरी ट्राइबचे चाहते अल्बमांची उतरंड लावायला बसले की 'द लो एंड थिअरी' (१९९१) आणि 'मिडनाइट मरॉडर्स' (१९९३) वरती जातात आणि हा अल्बम तळाशी राहतो. तक्रारी ठरलेल्या आहेत: अंधारा आहे, सपाट आहे, गटातला रॅपर फाइफ कमी आणि पाहुणा रॅपर कॉन्सिक्वेन्स जास्त आहे, पूर्वीची मजा गेली.

यातली निम्मी तक्रार खरी आहे. उरलेली निम्मी चुकीच्या ऐकण्यातून आली आहे. आधीच्या दोन अल्बममध्ये कान पकडणारी गोष्ट वरच्या पट्टीत असायची: एखादा हॉर्न, व्हायब्राफोनचा तुकडा, ओठांवर बसणारा हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ. इथे वरचा मजला मुद्दाम मोकळा ठेवलाय. जे काही घडतं ते किक (ड्रमचा खालचा ठोका), स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) आणि बेसमध्ये घडतं, आणि तेही किंचित उशिरा, मात्रेच्या मागच्या अंगाला. शिवाय गाणारी माणसं एकमेकांपासून दूर चालली आहेत, हे हा अल्बम लपवत नाही. या दोन्ही गोष्टी ऐकू येतील अशी सोय आधी करायची आणि मग मत द्यायचं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे. तिला साधारण दहा दिवस लागतात, त्यातलं प्रत्यक्ष काम सहा-सात तासांचं.

आधी साधनं

अल्बममध्ये १५ गाणी आहेत. पहिलं 'फोनी रॅपर्स', शेवटचं 'स्ट्रेस्ड आउट', एकूण पन्नासएक मिनिटं. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर गाणी मोजून घ्या आणि अल्बमच्या पानावरूनच वाजवा. शोधून वाजवलेल्या 'स्ट्रेस्ड आउट'च्या जागी बऱ्याचदा रीमिक्स हाती लागतं आणि ते वेगळंच गाणं आहे. शफल बंद करा. गाणं संपल्यावर पुढचं त्यात मिसळवणारी क्रॉसफेडची सोयही बंद करा. जुनी सीडी मिळाली तर उत्तम, कारण पुढे मोजमापासाठी स्वच्छ फाइल लागणार आहे.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नका. तो स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो आणि किकचा गाभा असतो ५० ते १०० हर्ट्झमध्ये. बेसची खालची तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणजे फोनवर तुम्हाला आवाज, टाळीसारखा स्नेअर आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, एवढंच मिळतं. तेवढ्यावरून 'सपाट आहे' हा निकाल निघणारच. लोकलमध्ये किंवा बसमध्ये साध्या इअरफोनवर ऐकलं तरी तेच होतं, कारण गाडीची घरघर नेमक्या त्याच खालच्या पट्ट्यात असते आणि बेस गिळून टाकते.

आपलं साधन पुरेसं आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येतं. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम उघडा, त्यातल्या टोन बनवण्याच्या सोयीने ४०, ५०, ६०, ८० आणि २०० हर्ट्झचे दहा-दहा सेकंदांचे साइन टोन तयार करा, सगळ्यांचा जोर एकच ठेवा. २०० हर्ट्झचा टोन आरामात ऐकू येईल इतका आवाज लावा आणि मग खाली उतरत जा. ५० हर्ट्झचा टोन दबका का होईना, ऐकू आला पाहिजे. आपला कानच खालच्या सुरांना मंद असतो, त्यामुळे तो बारीक वाटणं स्वाभाविक आहे. मात्र अजिबातच येत नसेल, किंवा टोनऐवजी फरफर येत असेल, तर त्या साधनावर या अल्बमचा न्याय करू नका. कानभर बसणारे साधे वायरचे हेडफोन या कामाला पुरतात. स्पीकर असतील तर मागच्या भिंतीपासून निदान ३०-५० सेंटीमीटर पुढे आणा आणि तुम्ही स्वतःही पाठ भिंतीला टेकवून बसू नका. भिंतीजवळ बेस फुगतो आणि किक-बेस एकमेकांत विरघळतात. इथे तर ते दोन्ही वेगवेगळे ऐकणं हीच परीक्षा आहे. 'बेस बूस्ट' आणि इक्वलायझर बंद.

पाच दिवसांचा उपास

पहिल्यांदा ऐकण्याआधी निदान पाच दिवस ट्राइबचं काहीही ऐकू नका. पुनर्मूल्यांकन बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन' संपल्या संपल्या 'फोनी रॅपर्स' लावणं. त्या जुन्या गाण्यात रॉनी फॉस्टरच्या 'मिस्टिक ब्रू'चा रेशमी तुकडा आहे. त्यानंतर काहीही कोरडं वाटेल.

त्याऐवजी त्या पाच दिवसांत १९९६ चा आजूबाजूचा माल ऐका, म्हणजे कान त्या उन्हाळ्यात जाऊन बसतो. डे ला सोलचा 'स्टेक्स इज हाय' आणि नासचा 'इट वॉज रिटन' एकाच दिवशी आले, २ जुलै १९९६ ला. त्याच्या आठवडाभर आधी जे-झीचा 'रीझनेबल डाउट'. फेब्रुवारीत फ्यूजीजचा 'द स्कोअर' आणि टूपॅकचा 'ऑल आइज ऑन मी'. ऑगस्टअखेर आउटकास्टचा 'एटीलियन्स', सप्टेंबरात द रूट्सचा 'इलाडेल्फ हाफलाइफ'. हे सगळं ऐकणं जमणार नाही, तीन अल्बम पुरेत, पण 'स्टेक्स इज हाय' त्यात हवाच. १९९० सालची खेळकर मंडळी १९९६ मध्ये का वैतागली होती, हे त्यातून कळतं. ट्राइबचा अल्बम 'अंधारा' वाटतो, पण सगळं हिप-हॉपच तेव्हा काळवंडलं होतं. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपरांचं भांडण टिपेला पोचलं होतं आणि अल्बम आल्यावर साधारण साडेसहा आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, टूपॅक गेला. 'कीपिंग इट मूव्हिंग'मध्ये गटाचा दुसरा रॅपर क्यू-टिप (पुढे नुसता टिप) शांतपणे सांगतो की या भांडणात मला ओढू नका. मागचापुढचा काळ माहीत असल्याशिवाय त्या शांतपणाचं वजन कळत नाही.

पहिलं ऐकणं: पेन खाली

सहाव्या दिवशी अल्बम सलग, एका बैठकीत, आवाज मध्यम ठेवून ऐका. गाण्याचे बोल समोर घेऊ नका. वाचायला लागलं की डोळे पुढे पळतात आणि कान ठेक्यावरून उठतो. टिपणंही नकोत. फक्त अल्बम संपल्यावर, लगेच, कुठली पाच गाणी आठवतात ते क्रमाने लिहा. ही यादी जपून ठेवा, शेवटी ती लागणार आहे. बहुतेकांच्या यादीत '१न्स अगेन' आणि 'स्ट्रेस्ड आउट' येतात, कारण दोन्हींत गायलेले हूक आहेत, पहिल्यात टॅमी लुकस आणि दुसऱ्यात फेथ एव्हन्स. ते तसंच असू दे.

दुसरं ऐकणं: तळमजला

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, त्याला दोन संध्याकाळी द्या. सगळी १५ गाणी घेऊ नका. 'गेट अ होल्ड', 'द प्रेशर', 'कीपिंग इट मूव्हिंग' आणि 'वर्ड प्ले' ही चार घ्या.

पहिला प्रयोग बोटांनी करायचा. उजव्या हाताने टेबलावर चार मात्रा एकसारख्या धरा आणि गाण्यातल्या बाकी कशाकडे लक्ष न देता फक्त किक कुठे पडते ते बघा. मग स्नेअर. मग हाय-हॅट. प्रत्येकासाठी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावा. ठेका धरण्याची सवय असलेल्यांना लवकर जाणवतं की तीन वाद्यं एकाच घड्याळावर चालत नाहीत. एखादं लयीला चिकटून असतं, एखादं मागे रेलून. तबल्याच्या भाषेत, सम चुकत नाही पण मधल्या मात्रा घरंगळतात. डोकं आपोआप हलायला लागतं ते याच फटीमुळे.

दुसरा प्रयोग फिल्टरचा. गाणं ऑडॅसिटीत घ्या, त्याची प्रत करा आणि प्रतीवर लो-पास फिल्टर लावा: १२० हर्ट्झ, दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. आवाज, सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा), हाय-हॅट सगळं गायब होतं आणि किक-बेस उरतात. दोन मिनिटं तेवढंच ऐका. मग मूळ गाणं लावा. 'गेट अ होल्ड'मध्ये या प्रयोगाने सगळ्यात मोठा फरक पडतो. वर द सर्कल या साठच्या दशकातल्या पॉप गटाच्या 'द व्हिजिट'मधला धुरकट तुकडा तरंगत असतो, म्हणून गाणं झोपाळू वाटतं. खालचं ऐकलं की कळतं, गाणं झोपाळू नाही, वरचा तुकडा मुद्दाम ढगासारखा ठेवलाय आणि चालण्याचं काम सगळं पायाशी दिलंय.

तिसरा प्रयोग मोजमापाचा. ज्यांना आकडे आवडतात त्यांनी तो जरूर करावा, कारण 'ऑफ-बीट आहे' असं मोघम म्हणण्यापेक्षा तो बरा. आवाज नसलेल्या किंवा कमी असलेल्या आठ आवर्तनांचा, म्हणजे आठ बारचा, तुकडा निवडा. बहुधा सुरुवातीचा मिळतो. दृश्य एवढं मोठं करा की एक सेकंद पडदाभर होईल. पहिल्या बारच्या पहिल्या किकला आणि नवव्या बारच्या पहिल्या किकला खूण करा, मधल्या वेळेला ३२ ने भागा. ही झाली एका मात्रेची सरासरी लांबी. वेग मिनिटाला ९६ मात्रांचा असेल तर ती ६२५ मिलिसेकंद येईल आणि सोळाव्या भागाची लांबी सुमारे १५६. आता प्रत्येक किक आणि स्नेअर जिथे 'असायला हवा' तिथून किती पुढे-मागे आहे ते लिहा. पाच मिलिसेकंदांपर्यंतचा फरक सोडून द्या, तो खूण करतानाच होतो. दहा ते तीसमधला फरक कानाला ओढ म्हणून जाणवतो.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे स्विंग आणि हाताने वाजवलेला ठेका यांची गल्लत. आकाई एमपीसीसारख्या, ठेका बनवण्याच्या यंत्रात स्विंगची सोय असते: ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे तिहाई भागाचा झोल. स्विंग असेल तर प्रत्येक दुसरा सोळावा भाग सारख्याच अंतराने मागे जातो. फरक प्रत्येक ठोक्याला वेगवेगळा असेल तर तो बोटांचा आहे. दुसरं, सीक्वेन्स, म्हणजे यंत्रात भरून ठेवलेला ठेका, पुन्हा पुन्हा फिरतो. म्हणून दोन फेऱ्या मोजा. दोन्हींत तेच फरक त्याच जागी आले तर वाजवणाऱ्याने ते एकदा वाजवून तसेच ठेवले, सरळ करून घेतले नाहीत. तिसरं, सॅम्पलमध्येच मूळ रेकॉर्डचे ड्रम असतील तर तुम्ही कुठल्या तरी जुन्या ड्रमरची लय मोजत बसाल. अशा जागी तुकडा बदला. एमपी३ वरून मोजत असाल तर ठोक्याची धार थोडी पुसट दिसते, पण सापेक्ष अंतरं ठीक येतात.

या अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जे डिलाच्या पुढच्या कामातला, 'दारू प्यायल्यासारखा' म्हणून नावाजलेला ठेका इथे शोधायला गेलात तर निराश व्हाल. १९९६ मध्ये तो झोल सौम्य आहे. सौम्य असल्यामुळेच तो कोरडेपणा समजला गेला.

श्रेय वाटताना

या अल्बमवर निर्मात्याच्या जागी 'द उम्मा' असं नाव आहे. क्यू-टिप, गटाचा डीजे अली शहीद मुहम्मद आणि डेट्रॉइटचा जे डी, म्हणजे पुढे जे डिला नावाने ओळखला गेलेला जेम्स यान्सी, या तिघांनी मिळून घेतलेलं हे नाव. उम्मा म्हणजे अरबीत समुदाय. १९९४ मध्ये ॲम्प फिडलर या डेट्रॉइटच्या संगीतकारामुळे डिलाची टिपशी गाठ पडली होती. २००६ मध्ये डिला गेला, तो फक्त ३२ वर्षांचा होता, आणि त्यानंतर उलटी चूक सुरू झाली: अल्बममध्ये जे चांगलं ते डिलाचं, जे कंटाळवाणं ते बाकीच्यांचं. पूर्वी याच चाहत्यांनी 'त्या नव्या पोराने ट्राइबचा आवाज बिघडवला' असं म्हटलं होतं. दोन्ही टाळा. 'गेट अ होल्ड', 'कीपिंग इट मूव्हिंग' आणि 'वर्ड प्ले'वर डिलाची छाप मानली जाते आणि ती ऐकूही येते. पण कमी सॅम्पलमध्ये भागवायचं, हूक कोरडे ठेवायचे, आवाज पुढे आणायचा, हे निर्णय एकट्या बीट बनवणाऱ्याचे नसतात.

कान पक्का करायला डिलाची त्याच काळातली दोन कामं बाजूला ठेवा: द फारसाइडचं 'रनिन' (१९९५), ज्यात स्टॅन गेट्झ आणि लुइझ बोन्फाच्या १९६३ च्या रेकॉर्डमधली गिटार आहे, आणि डे ला सोलचं 'स्टेक्स इज हाय' हे शीर्षकगीत.

तिसरं ऐकणं: कोण किती बोलतं

एक तक्ता करा. १५ ओळी आणि चार रकाने: टिप, फाइफ, कॉन्सिक्वेन्स, हूक. प्रत्येक रकान्यात बार मोजून लिहा. तक्ता भरायला दीड तास लागतो, पण 'फाइफ कमी आहे' ही तक्रार तेव्हाच नेमकी होते. 'गेट अ होल्ड' टिप एकटा नेतो, 'बेबी फाइफ्स रिटर्न' फाइफ एकटा. 'जॅम', 'वर्ड प्ले', 'स्ट्रेस्ड आउट' अशा गाण्यांत टिपचा चुलतभाऊ कॉन्सिक्वेन्स येतो. जुन्या अल्बममध्ये टिप आणि फाइफ एकमेकांचं वाक्य तोंडातून काढून पूर्ण करत. इथे ते शेजारच्या खोल्यांत राहिल्यासारखे वाटतात.

याची कारणं उघड आहेत. फाइफ तोवर अटलांटाला राहायला गेला होता. टिपने इस्लाम स्वीकारला होता, अली मुस्लिम होता, फाइफ नव्हता. या अल्बमच्या वेळी आपण गटात बसत नाही असं वाटू लागलं होतं, हे फाइफने पुढे स्वतः बोलून दाखवलं. ही माहिती हाती आली की बहुतेक जण अल्बम म्हणजे फुटीचा पुरावा समजून ऐकतात आणि तिथेच थांबतात. तसं करू नका. तक्त्यात जिथे टिप आणि फाइफ दोघांचेही बार आहेत ती गाणी वेगळी काढा आणि सलग ऐका. 'फोनी रॅपर्स'मध्ये, रस्त्यात भेटून आव्हान देणाऱ्या हौशी रॅपरांबद्दल बोलताना, दोघे अजूनही चेंडू झेलल्यासारखी ओळ झेलतात. '१न्स अगेन'मध्ये १९९१ च्या 'चेक द राइम'मधली 'तयार आहेस ना' ही हाक-प्रतिहाक परत येते. पाच वर्षांनी तीच हाक मारताना आवाजात जी सावधता आहे, ती या अल्बममधली सगळ्यात हृद्य गोष्ट आहे. २०१६ च्या मार्चमध्ये फाइफ गेल्यानंतर तर ती ऐकवत नाही.

बोल वाचायचे ते आता, या टप्प्यावर. एकेक गाणं, आधी ऐकून मग वाचून.

तुलना: आवाज सारखा करून

उपास इथे सोडायचा. जोड्या अशा लावा: 'चेक द राइम' आणि '१न्स अगेन', 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन' आणि 'गेट अ होल्ड', 'अवॉर्ड टूर' आणि 'द प्रेशर'. आधी सगळी गाणी ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने -१८ एलयूएफएसवर (हे ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आणा. एखाद्या डेसिबलने मोठं गाणं कानाला 'चांगलं' वाटतं, आणि वेगवेगळ्या सालच्या सीडींमध्ये यापेक्षा बराच जास्त फरक असतो. प्रत्येक जोडी उलटसुलट क्रमाने दोनदा ऐका. पहिल्यांदा नवं गाणं दुसरं, मग नवं गाणं पहिलं. क्रम बदलला की मत बदलत असेल तर ते मत गाण्याबद्दलचं नाही, आधीच्या गाण्याच्या चवीबद्दलचं आहे. ते खोडून टाका.

'मिडनाइट मरॉडर्स'मध्ये गाण्यांना जोडणारा यंत्रवत बाईचा आवाज आहे, त्यामुळे तिथली साधारण गाणीही एका प्रवासाचा भाग वाटतात. इथे तसा दोरा नाही. प्रत्येक गाणं स्वतःच्या पायावर उभं राहतं किंवा पडतं, आणि काही पडतात. 'माइंड पॉवर' आणि 'द हॉप'पाशी अल्बम खरोखर ढिला होतो, ठेका चांगला असूनही सांगायला काही उरलेलं नसतं. 'सेपरेट/टुगेदर' दोन मिनिटांच्या आत संपतं, ते गाणं कमी आणि टिपण जास्त आहे.

म्हणून शेवटची चाचणी वगळण्याची. तुमच्या मते कमकुवत असलेली गाणी, जास्तीत जास्त तीन, काढून उरलेली १२ क्रम न बदलता ऐका. अल्बम सुधारला तर तुमची तक्रार लांबीबद्दल होती, आवाजाबद्दल नाही. सुधारला नाही, उलट काहीतरी हरवलं असं वाटलं, तर काढलेलं एकेक परत घालून बघा, कुठलं गाणं भिंतीतली वीट होतं ते सापडतं. 'क्रू' काढणाऱ्यांना ते बहुधा परत घालावं लागतं, कारण त्याच्या काळोखाशिवाय 'द प्रेशर'चा जोर उतरतो.

आता पहिल्या ऐकण्यानंतरची पाच गाण्यांची यादी काढा आणि तिच्याशेजारी नवी यादी लिहा. 'कीपिंग इट मूव्हिंग' आणि 'वर्ड प्ले' वर चढली असतील तर तळमजला ऐकू यायला लागलाय. लगेच 'द लव्ह मूव्हमेंट' (१९९८) लावा. उम्माचं तेच काम तिथे आणखी मऊ आणि आणखी कमी झालंय, आणि ज्यांना चौथा अल्बम उलगडला त्यांना पाचव्यासाठी ही सगळी कसरत करावी लागत नाही, दुसरं आणि तिसरं ऐकणं पुरतं.